वडिलांच्या माघारी राहिलेली गाडी आणि दोन कार्यालयांमधले आमचे हेलपाटे

घाटवळण (धागाकर्ता)

माझे वडील फेब्रुवारी २०२३ मध्ये गेले. त्यांनी २०१४ साली घेतलेली वॅगनआर तशीच त्यांच्या नावावर राहिली. दिवसकार्य, बँकेची खाती, आईचे निवृत्तिवेतन, घराची वारसनोंद या सगळ्या धावपळीत गाडीची कागदपत्रे कोणालाच आठवली नाहीत, कारण गाडी दारात उभी होती, चालत होती आणि तिची किल्ली नेहमीच्याच खिळ्याला टांगलेली होती. जून महिन्यात विम्याची मुदत संपत असल्याचा संदेश आला, तेव्हा मी कंपनीच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकला, पैसे भरले आणि दोन मिनिटांत नवी पॉलिसी हातात पडली. २०२४ च्या जूनमध्येही मी तेच केले. दोन्ही पॉलिसींवर नाव वडिलांचे होते आणि त्यात काही चूक आहे असे मला खरोखरच वाटले नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये घाटात समोरून चुकीच्या बाजूने आलेल्या दुचाकीस्वाराला वाचवताना गाडी कठड्यावर आदळली. कोणाला लागले नाही, पण दुरुस्तीचा अंदाज १,१२,००० रुपयांचा निघाला. दावा दाखल केल्यावर कंपनीने गाडीमालकाची सही मागितली, मी मृत्यूचा दाखला दिला आणि पुढच्या पंधरा दिवसांत दावा नाकारल्याचे पत्र आले. विमाधारक हयात नसताना झालेला करार ग्राह्य धरता येत नाही, असे त्यात लिहिले होते. हप्ता घेताना आमचे बाबा जिवंत होते आणि भरपाई द्यायची वेळ आल्यावर ते मृत झाले, असाच त्या पत्राचा अर्थ आहे.

दाव्याचे दुःख मी एक वेळ बाजूला ठेवीन. आता गाडी रीतसर नावावर करून घ्यावी म्हणून परिवहन कार्यालयात गेलो, तर तिथे वेगळीच साखळी निघाली. ऑनलाइन अर्जासाठी येणारा ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर जातो आणि तो क्रमांक आम्ही गेल्या वर्षी बंद केला. खिडकीवर सांगण्यात आले की आधी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नोंदणी क्रमांकाची पाटी बसवा, त्याशिवाय या गाडीचे कोणतेही काम होणार नाही. मग लक्षात आले की २०१९ सालीच फिटलेल्या कर्जाचा बँकेचा बोजा आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, अजून तसाच आहे. तो उतरवा, असे सांगितले गेले. त्यानंतर विमा वारसाच्या नावाचा हवा असे सांगितले गेले, आणि विमा कंपनी म्हणते की आरसीवर नाव आल्याशिवाय तुमच्या नावाने विमा देता येत नाही. शेवटी, दिवाणी न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र आणा, असेही एकाने सुचवले. ज्या गाडीची आजची किंमत जेमतेम दोन लाख आहे, तिच्यासाठी न्यायालयात जायचे का? बाहेरच्या एजंटाने साडेचार हजारांत सगळे करून देतो म्हणून सांगितले, आणि मला सर्वाधिक राग याचाच आला की त्याला ही साखळी कुठे सुटते ते ठाऊक होते, मात्र खिडकीच्या आत बसलेल्यांपैकी कोणीही ते मला सांगितले नाही.

या दोन कार्यालयांच्या मधला फास कोणी सोडवला असेल, तर कृपया क्रमाने लिहावे.

सावंत_वडगाव

आमच्याकडे हेच झाले, फरक इतकाच की दुचाकी होती. आम्ही कंटाळून ती भंगारात दिली. मार्गदर्शन म्हणून याचा उपयोग नाही याची कल्पना आहे, पण तुम्ही एकटे नाही एवढे सांगावेसे वाटले.

जुनी_नस्ती

मी परिवहन खात्यातून लिपिक म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे माझ्या लिहिण्यात खात्याची बाजू डोकावली तर समजून घ्यावे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण खिडकीवर जे बोलले जाते त्यातले बरेचसे कायद्यात नसते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० मध्ये मालकाच्या मृत्यूनंतर गाडी ज्याच्या ताब्यात आली त्याने हस्तांतरणासाठी अर्ज करावा असे म्हटले आहे, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५६ त्याची पद्धत सांगतो. मृत्यूपासून ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला मृत्यूची व गाडी वापरण्याच्या इराद्याची माहिती दिली, तर वारसाला तीन महिने ती गाडी स्वतःच्या नावावर असल्यासारखी वापरता येते. त्याच तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करायचा असतो. सोबत शुल्क, मृत्यूचा दाखला, आरसी आणि विमा प्रमाणपत्र लागते. नियमातली यादी इथे संपते.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन गोष्टी यातून निघतात. एक म्हणजे, नियमात 'विमा प्रमाणपत्र' एवढाच शब्द आहे, ते कोणाच्या नावाचे असावे हे तिथे लिहिलेले नाही. दुसरे, दिवाणी न्यायालयाच्या वारस प्रमाणपत्राचा नियम ५६ मध्ये उल्लेखच नाही. महाराष्ट्रात हे प्रमाणपत्र १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळते आणि वारसांमध्ये तंटा असेल तेव्हा ते मागणे समजण्यासारखे आहे. तंटा नसेल, तर इतर वारसांचे नोटरी केलेले ना-हरकत प्रतिज्ञापत्र घेण्याची कार्यालयांची रीत आहे. ही रीत मला चुकीची वाटत नाही. एका भावाने परस्पर गाडी नावावर करून विकली आणि दुसरा भाऊ आमच्या टेबलावर मूठ आपटत उभा राहिला, असे प्रसंग आम्ही पाहिले आहेत, आणि 'आणखी एक कागद आणा' ही सवय कारकुनाला त्या भीतीतूनच लागते.

तीन महिने उलटून गेले म्हणून अर्ज बंद होत नाही. उशिराबद्दलची रक्कम भरून तो घ्यावाच लागतो.

घाटवळण (धागाकर्ता)

आपले अतिशय आभार. मला या ३० दिवसांची आणि तीन महिन्यांची माहिती आज, दोन वर्षांनंतर, प्रथमच मिळते आहे. नगरपालिकेने मृत्यूचा दाखला दिला, बँकेने यादी दिली, तलाठ्याने वारसनोंदीची मुदत सांगितली, पण गाडीबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

तिरपा_टायर

खात्यावरचा राग मला समजतो, परंतु इथे विमा कंपनीचा दोष अधिक आहे असे माझे मत आहे. करारच झाला नव्हता असे कंपनीचे म्हणणे असेल, तर तिने दोन वर्षे हप्ता कशाचा घेतला? धागाकर्त्यांनी दोन्ही हप्ते व्याजासह परत मागणारे पत्र लिहावे. कंपनी हप्ते परत करणार नाही आणि मग तिचे म्हणणे तिच्याच अंगाशी येईल.

पंचनामा

मी गेली अनेक वर्षे वाहन विम्याचा सर्वेक्षक म्हणून काम करतो. मी कोणत्याही कंपनीचा नोकर नाही, मात्र माझे अहवाल कंपन्याच वाचतात, हे आधीच सांगतो.

श्री. तिरपा_टायर यांचा युक्तिवाद ऐकायला जोरदार आहे, पण तो एका ठिकाणी अडतो. संकेतस्थळावर नूतनीकरण करताना 'वरील तपशिलात बदल झालेला नाही' अशा अर्थाच्या घोषणेवर आपण खूण करतो. ती खूण धागाकर्त्यांनी केली असणार, कारण त्याशिवाय पैसे भरण्याचे पान उघडत नाही. विमा हा परस्परविश्वासाचा करार असल्याने कंपनी त्या खुणेवर बोट ठेवते. ही खूण कोणीही वाचत नाही हे कंपनीला पक्के ठाऊक असते, आणि त्या अर्थाने आपला राग रास्तच आहे.

मूळ दुखणे निराळे आहे, आणि ते पॉलिसीच्या मागच्या, बारीक अक्षरांतल्या अटींमध्ये स्पष्ट छापलेले असते. एकमेव विमाधारकाचा मृत्यू झाला तर पॉलिसी लगेच रद्द होत नाही. ती मृत्यूपासून तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालू राहते. त्या काळात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यावी किंवा नवी घ्यावी. त्यासाठी मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी आणि गाडीवरील हक्काचा पुरावा, असे तीन कागद मागितलेले आहेत. शेवटचे शब्द नीट पाहावेत. 'हक्काचा पुरावा' म्हटले आहे, 'नव्या नावाची आरसी' म्हटलेले नाही. त्यामुळे वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि नमुना ३१ च्या अर्जाची पोच घेऊन शाखेत गेलात, तर फास इथेच सुटतो. संकेतस्थळावर तो सुटणार नाही, कारण तिथल्या रकान्यांत मेलेल्या माणसाची सोय केलेली नाही. ग्राहकसेवेच्या दूरध्वनीवर बसलेल्या मुलालाही समोरच्या पडद्यावर जे दिसते तेवढेच वाचून दाखवता येते, म्हणून 'आरसी आणा' हे उत्तर मिळते.

आपले तीन महिने केव्हाच संपले, त्यामुळे आपल्याला जुनी पॉलिसी बदलून मिळणार नाही, नवी घ्यावी लागेल आणि त्यापूर्वी गाडीची तपासणी होईल.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी ऐकून आपल्याला कदाचित अधिक वाईट वाटेल. बहुतेक लोक जुन्या नावाने विमा चालू ठेवतात ते नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जाऊ नये म्हणून. तो २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि एरवी तो गाडीबरोबर न जाता मालकाबरोबर जातो, हे खरे आहे. परंतु मालकाच्या मृत्यूनंतर गाडी पती-पत्नी, मुले किंवा आई-वडील यांच्याकडे गेली, तर हा बोनस त्यांना मिळण्याची तरतूद आहे. म्हणजे वेळेत कळवले असते तर पैशांचा तोटा झालाच नसता. अपघातानंतर मी जेव्हा गॅरेजमध्ये गाडी पाहायला जातो आणि समोरचा माणूस चाचरत 'पॉलिसी वडिलांच्या नावाची आहे' असे म्हणतो, तेव्हा पुढचे सगळे माझ्या डोळ्यांसमोर येते.

मडगावकर

गोव्यात हा प्रवास जरा वेगळ्या वाटेने होतो. आमच्याकडे समान नागरी कायद्यामुळे पती-पत्नींची मालमत्ता सहसा सामायिक धरली जाते, म्हणून वडील गेले तरी अर्धा वाटा आईचाच असतो आणि उरलेल्या अर्ध्याचा प्रश्न येतो. त्यासाठी विशेष नोटरीपुढे वारसाहक्काचा दस्त करावा लागतो. २०१२ चा गोव्याचा उत्तराधिकार कायदा डिसेंबर २०१६ पासून लागू झाला आणि हा दस्त त्याखाली होतो. आम्ही तो घर आणि बँकेसाठी केलाच होता, त्यामुळे गाडीच्या वेळी त्याचीच प्रत जोडली आणि हक्काबद्दल कोणी पुन्हा विचारले नाही. महाराष्ट्रातल्या मित्रांना प्रत्येक खिडकीवर नवे प्रतिज्ञापत्र करावे लागते हे पाहून आमचा हा जुना दस्त बरा वाटतो, जरी तो करताना मी कुरकुरलो होतो. विम्याबाबत मात्र आमचीही तीच रड आहे.

घाटवळण (धागाकर्ता)

श्री. पंचनामा, बोनसची गोष्ट वाचून खरोखर वाईट वाटले. मी नाव बदलले नाही ते निव्वळ अज्ञानामुळे, सवलतीसाठी नव्हे, पण कंपनीच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

नाकारलेल्या दाव्याबाबत पुढे काही करण्यात अर्थ आहे का? आणि आता विमा चालू नसल्यासारखाच आहे, तर गाडी चालवावी की नाही?

पंचनामा

चालवू नये. विम्याशिवाय गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, पण दंडाची चिंता सर्वांत शेवटी करावी. उद्या एखादा पादचारी जखमी झाला, तर पॉलिसी ग्राह्य की अग्राह्य हा वाद अपघात न्यायाधिकरणापुढे वर्षानुवर्षे चालेल आणि त्या काळात तुमची झोप उडेल. मालक-चालकाचा जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तोही पॉलिसीवरील मालकासाठी असतो. वडिलांच्या नावाच्या पॉलिसीतून तुम्हाला त्यातला एक रुपयाही मिळणार नव्हता, आणि तरीही तुम्ही दोन वर्षे त्याचे पैसे भरलेत.

दाव्याबद्दल मी खोटी आशा दाखवणार नाही. तरीही आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. पुणे आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. निदान श्री. तिरपा_टायर यांचा हप्ता परतीचा मुद्दा तिथे मांडावा, तो मला अर्धा तरी पटतो.

तिरपा_टायर

अर्धा पटला तरी पुरे. ग्राहक आयोगाची वाटही आहे, तिथे दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नसते. मात्र एकाच वेळी दोन्हीकडे जाऊ नये, आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते हाती घेत नाहीत.

टेम्स_काठी

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि गेल्या वर्षी माझे सासरे इथेच गेले. मृत्यूची नोंद करायला गेलो तेव्हा निबंधकाने एक क्रमांक दिला आणि तो वापरून एकदाच माहिती भरली की निवृत्तिवेतन, कर, पारपत्र आणि वाहन परवाना अशा अनेक खात्यांना ती आपोआप जाते. गाडीच्या नोंदवहीचा कागद मात्र स्वान्झीच्या कार्यालयाला टपालाने स्वतंत्र पाठवावा लागला आणि विमा कंपनीलाही वेगळे कळवावे लागले, त्यामुळे इथे सगळे सुरळीत आहे असा समज करून घेऊ नये. पण निबंधकाने दिलेल्या पत्रकात 'मृताच्या नावाच्या विम्यावर गाडी चालवू नका' हे ठळक छापलेले होते. धागाकर्त्यांचे सारे नुकसान त्या एका ओळीने वाचले असते.

माझाही एक प्रश्न आहे. पुण्यात माझ्या पत्नीच्या काकांच्या गाडीसाठी तिची ना-हरकत लागणार आहे. ती इथूनच कशी द्यावी?

जुनी_नस्ती

भारतीय वकिलातीत प्रतिज्ञापत्र साक्षांकित करून पाठवावे. ते साध्या टपालाने न पाठवता पोच मिळेल असे पाठवावे. मूळ प्रत हरवली तर पुन्हा पहिल्यापासून.

आता श्री. घाटवळण यांनी क्रम विचारला होता, म्हणून तो सांगतो. सर्वप्रथम मोबाइल क्रमांक. वाहन पोर्टलवर चासिस क्रमांक, इंजिन क्रमांक, नोंदणीचा दिनांक असे तपशील भरून क्रमांक बदलण्याची सोय आहे. ते जमले नाही तर मृत्यूच्या दाखल्यासह कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. त्यानंतर गाडीवर थकलेली ई-चलने पाहावीत, ती भरल्याशिवाय पोर्टल पुढे सरकत नाही. मग एचएसआरपी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना ती सक्तीची आहे आणि मोटारीला वस्तू व सेवा कर सोडून ७४५ रुपये लागतात. पाटी बसवल्याशिवाय इतर कामे थांबवण्याचा आदेश खात्याचाच आहे, तिथे खिडकीवरच्या माणसाशी भांडून उपयोग नाही. बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र लागते. जुने पत्र सापडले तरी त्यावर छापलेली मुदत पाहून घ्यावी, ती संपली असेल तर बँकेकडून नवे घ्यावे. हे झाले की नमुना ३१, प्रतिज्ञापत्र आणि बाकीचे कागद एकत्र द्यावेत.

अर्ज घेत नाही असे तोंडी सांगितले, तर शांतपणे 'नकार कारणासह लेखी द्यावा' एवढेच म्हणावे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे तो तुमचा हक्क आहे आणि त्यावर अपील करता येते. माझ्या अनुभवात हे वाक्य उच्चारल्यावर दहांपैकी सात वेळा नकारच लिहिला जात नाही, अर्ज घेतला जातो. आवाज चढवून म्हटले तर मात्र उरलेले तीन वाट्याला येतात.

घाटवळण (धागाकर्ता)

दीड महिन्यानंतर लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

मोबाइल क्रमांक पोर्टलवर बदलला नाही, लेखी अर्जावर नऊ दिवसांनी बदलला. थकलेल्या चलनांमध्ये द्रुतगती महामार्गावरच्या वेगमर्यादा उल्लंघनाचे एक चलन निघाले. ते वडिलांच्या नावाचे आहे आणि त्यांच्या निधनानंतर चार महिन्यांचे आहे. गाडी अर्थातच मी चालवत होतो. आईला दाखवले तेव्हा ती म्हणाली की ते असते तर साठच्या पुढे काटा गेला नसता, आणि बऱ्याच दिवसांनी आम्ही सगळे हसलो.

पाटी बसली, बोजा उतरला. नमुना ३१ चा अर्ज देताना पुन्हा वारस प्रमाणपत्राचा विषय निघाला. मी आवाज न चढवता लेखी नकार मागितला. समोरच्या गृहस्थांनी आत जाऊन कोणाशी तरी चर्चा केली आणि परत येऊन प्रतिज्ञापत्र ठेवून घेतले. शुल्क ३०० रुपये आणि स्मार्टकार्ड व टपालाचे वेगळे. एजंटाचे साडेचार हजार वाचले, पण माझ्या पाच रजा गेल्या, तेव्हा कोण शहाणे ठरले हे मी ठरवू शकत नाही.

आता शाखेत जाऊन पोच दाखवून विमा घ्यायचा आहे. त्यात एक नवी शंका निघाली. गाडी आईच्या नावावर करावी असे आम्हा भावंडांचे ठरले आणि अर्ज तसाच दिला आहे, पण आईकडे वाहन चालवण्याचा परवाना नाही. विमा मिळेल ना?

पंचनामा

मिळेल. मालक होण्यासाठी परवाना लागत नाही. फक्त मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा परवान्याशिवाय देता येत नाही, त्यामुळे त्याचा हप्ता आईंच्या पॉलिसीत लावू देऊ नये. संगणक तो आपोआप जोडतो, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी पाहून घ्यावे. जो गाडी चालवणार आहे त्याने स्वतःसाठी वेगळा अपघात विमा घ्यावा.

जुनी_नस्ती

आणि आरसी आली की तिच्यावर नामनिर्देशन करून घ्यावे. एप्रिल २०२१ पासून नियमांत ही सोय झाली आहे. वारसांची प्रतिज्ञापत्रे गोळा करण्याचा बराचसा त्रास त्यामुळे वाचतो, तरीही ३० दिवसांत कळवणे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ देणे नामनिर्देशित व्यक्तीलाही चुकत नाही.

सावंत_वडगाव

नामनिर्देशन असते हे आधी माहीत असते, तर आमची दुचाकी अजून घरात असती. काल रात्री वडिलांना, ते हयात आणि ठणठणीत आहेत, त्यांच्या मोटारीच्या आरसीवर आईचे नाव लावा असे सुचवले. त्यांनी दोन तास माझ्याशी बोलणे सोडले आणि मग स्वतःच चासिस क्रमांक शोधायला बॅटरी घेऊन खाली गेले.